इर्जिक, मजुरी आणि वेठ

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात परस्परांना विनामूल्य तांत्रिक साहाय्य देणारी जी मंडळे आहेत, त्यांच्यात एक नियम जवळपास सर्वत्र आढळतो. अडलेल्या माणसाने प्रश्न विचारावा, जाणकाराने उत्तर द्यावे, आणि या देवघेवीत कोणी पैशाची भाषा करू नये. मदत करणाऱ्याने ‘पैसे घेऊन हे काम करून देतो’ असे सुचवावयाचे नाही. मदत मागणाऱ्यानेही ‘पैसे देतो, पण काम करा’ असे म्हणावयाचे नाही. नियम मोडणाऱ्याचा मजकूर काढून टाकला जातो, त्याला समज दिली जाते, आणि पुन्हा तसेच घडले तर मंडळाचे दार त्याला बंद होते. वरवर पाहता ही शिष्टाचाराची बाब आहे, आणि तिच्यावर अग्रलेख खर्ची घालण्याचे कारण काय, असे कोणास वाटेल. परंतु श्रमाचे मोल कोणी मागावे, कोठे मागावे आणि कोणाकडून मागावे, हा प्रश्न ज्या नियमाच्या पोटात दडला आहे, तो नियम केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

हा नियम अनेकांना जाचतो. सोलापूर, मालेगाव, लातूर अशा ठिकाणी घरात बसून परगावच्या आणि परदेशच्या गिऱ्हाइकांची संकेतस्थळे बांधून देणारा, ना कायम नोकरी ना निवृत्तिवेतन अशा स्थितीतील एक नवा कारागीरवर्ग गेल्या दोन दशकांत उभा राहिला आहे. पुढच्या महिन्यात काम असेल की नाही, याची त्याला शाश्वती नसते. अशा तरुणाला एखाद्या मंडळात कोणा दुकानदाराचे संकेतस्थळ बंद पडल्याचा आक्रोश वाचावयास मिळतो. ती दुरुस्ती त्याच्या डाव्या हातचा मळ असते. तो उत्तरादाखल आपला दूरध्वनी क्रमांक देतो व ‘अल्प दरात काम करून देऊ’ असे लिहितो. थोड्याच वेळात ते वाक्य पुसले जाते आणि कोणी परका स्वयंसेवक त्याला सभ्यपणाचे धडे देतो. मग त्याच्या मनात उभा राहणारा प्रश्न रोकडा असतो. भरपगारी नोकरी करून फावल्या वेळी दान करणाऱ्यांनी नियम करावयाचे, आणि ज्याची चूल रोजच्या कामावर पेटते त्याने मजुरी मागितली की ती मात्र असभ्यता ठरवावयाची, हा कोणता न्याय? श्रमिकांच्या बाजूने उभे राहणाऱ्या कार्यकर्त्यांची सहानुभूती साहजिकच या तरुणाकडे जाईल. ती जावीही. पण म्हणून नियमच चुकीचा आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

महाराष्ट्राच्या खेड्यांना इर्जिकीची प्रथा नवी नाही. ज्याची नांगरट वा पेरणी खोळंबली असेल त्याच्या रानात गावातील इतर शेतकरी आपापली औते घेऊन येत आणि दिवसभरात काम उरकून देत. यजमानाने त्या दिवशी सर्वांना जेवू घालावयाचे. मजुरी द्यावयाची नाही आणि कोणी मागावयाचीही नाही. सावडीत हाच व्यवहार परतफेडीच्या बोलीने होई: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. याचा अर्थ त्या गावात कोणी मजुरी करीत नव्हते असा नव्हे. तोच माणूस सोमवारी इर्जिकीला जाई आणि मंगळवारी रोजाने जाई. दोन्हींत त्याला कमीपणा वाटत नसे. मात्र इर्जिकीच्या शिवारात उभे राहून ‘माझा रोज किती?’ असे त्याने विचारले असते, तर त्या दिवशीचे काम तेथेच थांबले असते. ज्यांनी आपले बैल विनामोबदला आणले होते त्यांनाही मग आपण मूर्ख ठरलो असे वाटले असते.

मुक्त सॉफ्टवेअरची साहाय्यमंडळे ही याच जातीची इर्जिक आहे. वर्डप्रेसचे उदाहरण घ्यावे. २००३ साली निघालेल्या या मुक्त सॉफ्टवेअरवर आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे चालतात. त्याच्या साहाय्यमंडळात उत्तरे देणारे बहुसंख्य लोक स्वयंसेवक आहेत. तेथील नियमावली काम मिळवण्यासाठी आर्जवे करण्यास मनाई करते, पैसे देऊ करण्यासही मनाई करते, आणि अडलेल्या माणसाकडून त्याच्या संकेतस्थळाचा पासवर्ड मागण्यास तर सक्त मनाई करते. ज्याला पैसे देऊनच काम करून घ्यावयाचे आहे त्याच्यासाठी कामाच्या जाहिरातींची निराळी जागा त्याच प्रकल्पाने राखून ठेवली आहे. म्हणजे मजुरीला मज्जाव नाही. ती कोठे ठरवावी एवढेच सांगितले आहे. मनाईची ओळ सर्वांच्या ध्यानात राहते आणि ही दुसरी जागा मात्र फारसे कोणी सांगत नाही, हा भाग निराळा.

अशा नियमांची गरज का पडली, याचा एक धडा १९९४ साली मिळाला होता. त्या काळी यूजनेट नावाच्या जाळ्यावर हजारो चर्चागट चालत. त्यांतील पुष्कळ तांत्रिक विषयांचे होते आणि तेथे अनोळखी माणसे एकमेकांच्या अडचणी सोडवीत. १२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातले वकील दांपत्य लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल यांनी या हजारो गटांत एकच जाहिरात एकाच वेळी टाकली. अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना देणारी सोडत निघणार होती. तिचा अर्ज आपल्यामार्फत, शुल्क देऊन करावा, असे त्यांचे म्हणणे. वास्तविक त्या सोडतीला शुल्क नव्हते आणि वकिलाचीही गरज नव्हती; साध्या कागदावर माहिती लिहून टपालाने पाठवली की अर्ज होत असे. जे फुकट होते तेच विकत देऊ करण्यात आले होते, आणि गिऱ्हाईक होते परक्या देशात आधार शोधणारे स्थलांतरित. यूजनेटवर संतापाची लाट उसळली. पुढे १९९७ साली टेनेसी राज्याने कँटर यांची वकिलीची सनद रद्द केली व त्यामागील कारणांत या जाहिरातबाजीचाही समावेश होता. मात्र तोवर वाट पडली होती. हजारो लोकांनी निर्माण केलेल्या विश्वासाच्या जागेत शिरून, कवडी खर्च न करता गिऱ्हाईक गोळा करता येते, हे सर्वांना कळून चुकले.

मालेगावच्या तरुणाची आणि या वकिलांची बरोबरी कोणी करणार नाही. एकाला पोट भरावयाचे आहे, दुसऱ्यांना नफा करावयाचा होता. तरीही दोघांच्या कृतीचा मंडळावर होणारा परिणाम एकाच दिशेचा असतो, हे मान्य करावे लागते. तो परिणाम कसा होतो हे समजण्यासाठी संगणकाच्या जगात जाण्याचीही गरज नाही. शाळेतील शिक्षक जेव्हा संध्याकाळी स्वतःची शिकवणी घेऊ लागतो, तेव्हा सकाळच्या वर्गात तो सगळे शिकवील याची खात्री उरत नाही. तो अप्रामाणिकच असेल असे नव्हे. पण वर्गात जे अर्धवट राहील त्याचाच त्याला संध्याकाळी पैसा मिळणार असतो. म्हणूनच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खाजगी शिकवणीस मनाई केली. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरने बाह्यरुग्ण विभागात रोग्याची नाडी पाहत असताना स्वतःच्या खाजगी दवाखान्याचा पत्ता सांगावा, यातही तीच गोम आहे. ज्याला दुखणे कळत नाही तो ज्याला कळते त्याच्या हाती असतो. तांत्रिक मदतीतही अर्धे उत्तर देऊन थांबण्याचा, साध्या बिघाडाला भीषण म्हणण्याचा आणि ‘पुढचे खाजगीत बोलू’ असे सांगण्याचा मोह याच मार्गाने शिरतो.

खाजगीत बोलण्याने आणखी एक हानी होते, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मंडळात जाहीरपणे दिलेले उत्तर एकाच माणसाच्या कामी येत नाही. तोच बिघाड पुढच्या वर्षी कोणाच्या पुढ्यात आला की तो शोध घेतो, आणि ते जुने उत्तर त्याला सापडते. ते चुकीचे असेल तर तिसरा कोणी येऊन ते दुरुस्त करतो. अशा रीतीने वर्षानुवर्षे साठत जाणारे हे सार्वजनिक ज्ञानच मंडळाची खरी मालमत्ता असते. दूरध्वनीवर वा खाजगी संदेशात सुटलेला प्रश्न त्या साठ्यात भर घालीत नाही. प्रश्न तेवढा मागे राहतो आणि त्याखाली ‘माझे काम झाले, आभारी आहे’ अशी एक निरुपयोगी ओळ. मागाहून येणाऱ्या माणसाला या ओळीचा किती राग येतो, हे त्या क्षेत्रातील कोणीही सांगेल.

पैसे मागण्यास जशी मनाई, तशी ते देऊ करण्यासही मनाई का, असेही विचारले जाते. मुंबईच्या नाक्यांवर सकाळी उभे राहणाऱ्या कामगारांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना याचे उत्तर शोधावे लागणार नाही. ठेकेदार येतो, दोन माणसे हवीत म्हणतो, पुढे वीस जण धावतात आणि भाव खाली येतो. साहाय्यमंडळात कोणी ‘जो दुरुस्त करील त्याला इतके देईन’ असे जाहीर केले की त्या चौकाचा नाका होतो. जगभरच्या कारागिरांची तेथे बोली लागते. ढाक्याच्या तरुणाने सोलापूरच्या तरुणाहून कमी सांगावयाचे आणि मनिलाच्या तरुणाने त्याहून कमी. जे पैशासाठी आले नव्हते ते स्वयंसेवक मुकाट्याने निघून जातात. ज्याच्यापाशी द्यावयास काही नाही त्याचा प्रश्न मग कोणी वाचतही नाही. तेव्हा हा नियम अडलेल्याचे रक्षण करतो, आणि कामगाराचेही काही अंशी रक्षण करतो.

शिवाय फसवणुकीचा प्रश्न आहे. साहाय्यमंडळांत एखाद्या मोठ्या कंपनीचा ‘अधिकृत मदत क्रमांक’ म्हणून खोटा क्रमांक देणाऱ्या टोळ्या वावरतात. घाबरलेला माणूस फोन करतो, संगणकाचा ताबा देतो आणि बँकेतील रक्कम गमावतो. मग ‘गेलेला पैसा परत मिळवून देतो’ म्हणणारा दुसरा भामटा त्याला गाठतो. प्रामाणिक कारागीर आणि हा भामटा यांची पहिली ओळ अगदी सारखी दिसते: ‘मला थेट संपर्क करा.’ नियंत्रकाने दोघांत फरक करावयाचा कसा? तो दोन्ही ओळी पुसतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

इथवर नियमाची बाजू झाली. परंतु या नियमाचा आधार घेऊन काही मंडळांत जी एक वृत्ती बोकाळली आहे, तिचा समाचार घेणे तितकेच आवश्यक आहे. मोबदला ही जणू विटाळाची वस्तू आहे, खरा तंत्रज्ञ पैशाचे नावही काढीत नाही, अशी ही वृत्ती. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासाला ती धरून नाही. इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाला ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन्ही अर्थ असल्याने तिकडे पुष्कळ घोटाळा झाला; मराठीत ही अडचण नसताना तो घोटाळा आयात करण्याचे काही कारण नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली त्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. प्रोग्रामरांनी पोट कसे भरावे, या प्रश्नाला त्या जाहीरनाम्यात सरळ उत्तर दिलेले आहे: शिकवावे, दुरुस्ती करावी, नव्या यंत्रांवर प्रणाली बसवून द्यावी आणि त्याचे पैसे घ्यावेत. स्वतः स्टॉलमन १९८५ साली ईमॅक्स या आपल्या प्रणालीच्या फिती १५० डॉलरना विकत होते. त्याच प्रणालीसोबत पुढे ‘सर्व्हिस’ नावाची एक यादी वाटली जाऊ लागली. मोबदला घेऊन, क्वचित विनामोबदलाही, मदत करण्यास तयार असलेल्या व्यक्तींची आणि संस्थांची नावे, पत्ते व त्यांचे दर तिच्यात असत. १९८९ साली सिग्नस नावाची एक संस्था केवळ मुक्त सॉफ्टवेअरची देखभाल विकण्यासाठी निघाली आणि चालली. डेबियन हा स्वयंसेवकांचा प्रकल्प आजही आपल्या संकेतस्थळावर देशवार सल्लागारांची यादी ठेवतो. तात्पर्य, ज्यांनी ही चळवळ उभी केली त्यांनी मजुरीला लाजिरवाणे मानले नव्हते. अंगण सर्वांसाठी मोकळे ठेवून मजुरीची पाटी शेजारच्या दारावर लावण्याची व्यवस्था त्यांनी केली होती.

पैशाला विटाळ मानणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. विनामूल्य काम करण्याची ऐपत सर्वांना सारखी नसते. या मंडळांत वर्षभर उत्तरे देणाऱ्याचे नाव होते आणि त्या नावाच्या बळावर त्याला नोकरी मिळते. म्हणजे दान हे पुष्कळदा भविष्यातील वेतनाचा हप्ता असते. ज्याला बारा तास पहारेकऱ्याची पाळी करावी लागते, अथवा जिला नोकरीवरून येऊन स्वयंपाक व मुले पहावी लागतात, त्यांना हा हप्ता भरता येत नाही. मग निःस्वार्थीपणाच्या यादीत त्यांची नावे दिसत नाहीत आणि नोकरीच्या यादीतही दिसत नाहीत. समाजात सेवेचे पुण्य नेहमीच ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांच्या खात्यावर जमा होत आले आहे. संगणकाने त्यात बदल केलेला नाही.

आणि इर्जिकीचे गोडवे गाताना गावातील दुसरे चित्रही विसरून चालणार नाही. शेजाऱ्याच्या रानात बिनमजुरीने राबणे ही इर्जिक होती. वतनदाराच्या वा सरकारी अंमलदाराच्या हुकमावरून बिनमजुरीने राबणे ही वेठ होती. पाहणाऱ्याला दोन्हीकडे एकच दृश्य दिसे, माणसे फुकट काम करताहेत. महार वतनाच्या नावाखाली अखंड गावाची व सरकारची कामे करून घेतली जात आणि ती परंपरा म्हणून खपवली जात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते याच कारणासाठी. बिनमजुरीचे काम परस्परांत, बरोबरीच्या नात्याने होते की वरून खाली उतरलेल्या हुकमाने होते, हा सारा फरक आहे. साहाय्यमंडळांच्या शिष्टाचाराची चर्चा करणाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न विचारावयाचे टाळले आहे.

अमेरिकेतील अमेरिका ऑनलाइन या कंपनीचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९० च्या दशकात या कंपनीची चर्चादालने सांभाळण्याचे व नवख्यांना मदत करण्याचे काम हजारो स्वयंसेवक करीत. त्यांना पाळ्या लावून दिल्या जात, प्रशिक्षण घ्यावे लागे, कामाचे अहवाल द्यावे लागत. मोबदला काय, तर कंपनीच्या सेवेच्या वर्गणीत सूट. १९९९ साली काही माजी स्वयंसेवकांनी न्यायालयात धाव घेतली: हे स्वयंसेवा नसून वेतन बुडवलेले काम आहे, असा त्यांचा दावा होता. अकरा वर्षे खटला रेंगाळला आणि २०१० साली १ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. शेजाऱ्याला मदत करीत आहोत या समजुतीने लोक आले आणि प्रत्यक्षात एका नफेखोर कंपनीचा पगारखर्च वाचवीत राहिले. ‘येथे पैशाची भाषा नको’ हा शिष्टाचार अशा ठिकाणी कोणाच्या फायद्याचा होता, हे सांगावयास नको.

अलीकडची उदाहरणे याहून मोठी आहेत. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचे प्रश्नोत्तरांचे स्थळ २००८ साली निघाले. लक्षावधी लोकांनी तेथे विनामोबदला उत्तरे लिहिली. उत्तरे कोणीही वापरावीत, मात्र लिहिणाऱ्याचे नाव द्यावे आणि पुढे त्याच अटीवर वाटावीत, असा त्यांचा परवाना आहे. २०२१ साली ती कंपनी प्रोसस या समूहाला १८० कोटी डॉलरना विकली गेली. उत्तरे लिहिणाऱ्यांना त्यातला छदामही मिळाला नाही. मे २०२४ मध्ये तिने ओपनएआयशी करार केला आणि हा उत्तरांचा साठा यंत्रबुद्धीच्या उपयोगासाठी देऊ केला. निषेध म्हणून काहींनी स्वतःचीच जुनी उत्तरे पुसली, तेव्हा ती पूर्ववत करण्यात आली आणि काहींची खाती तात्पुरती बंद करण्यात आली. अंगणात दोनशे रुपयांचे काम मागणाऱ्याला हाकलून लावणारे नियम सबंध अंगणाचा सौदा होताना मात्र कामी आले नाहीत.

एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला तेव्हा जगाला कळले की, बँकांपासून सरकारांपर्यंत सर्वांचे गुप्त व्यवहार ज्या ओपनएसएसएल प्रणालीवर विसंबून आहेत, तिला वर्षाला सुमारे २,००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या आणि तिच्यासाठी पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. एप्रिल २०२४ मध्ये एफएफएमपेग या चित्रध्वनिप्रणालीच्या स्वयंसेवकांनी जाहीर तक्रार केली. मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांनी त्यांच्याकडे आपल्या विक्रीच्या उत्पादनातील अडचण तातडीची म्हणून नोंदवली होती. देखभालीचा रीतसर करार करा असे सांगितल्यावर काही हजार डॉलर एकदाच घेण्याचा देकार आला. येथे कामाचे पैसे मागणारे स्वयंसेवक असभ्य की तातडी दाखवणारी कंपनी असभ्य? मदत मागणारा अडलेला शेजारी नसून कोट्यवधींचा धंदा करणारा असेल, तर त्याला दर सांगणे हा शिष्टाचाराचा भंग होऊ शकत नाही. उलट तेथे गप्प बसणे म्हणजे वेठ पत्करणे होय.

हा भेद ध्यानात ठेवला की वागणुकीचे नियम ठरवणे अवघड नाही. या धंद्यात असलेल्या तरुण कार्यकर्त्यांनी मंडळात उत्तर द्यावे ते पुरते द्यावे. गिऱ्हाईक मिळेल या आशेने अर्धे हातचे राखू नये. पोटाचा धंदा काय आहे ते स्वतःच्या परिचयात उघड लिहावे, म्हणजे ज्याला काम द्यावयाचे आहे तो आपण होऊन येईल. उत्तरे चांगली असतील तर लोक येतात, असाच या धंद्यातील अनेकांचा अनुभव आहे. आलेल्याशी दराची बोलणी मंडळाबाहेर करावीत. जे उपकरण वा सेवा सुचवायची ती स्वतःची असेल तर तसे त्याच वाक्यात सांगावे. विकिपीडियाने २०१४ पासून मोबदला घेऊन लेखन करणाऱ्यांवर तो उघड करण्याचे बंधन घातले आहे, त्यामागे हेच तत्त्व आहे. कोणाच्या प्रश्नाखाली न बोलावता खाजगी संदेश पाठवू नये, आणि कोणाचाही पासवर्ड, त्याने आपण होऊन दिला तरी, मंडळातील ओळखीच्या बळावर घेऊ नये. पैसे घेऊन सोडवलेल्या बिघाडाचा उपाय, गिऱ्हाइकाची हरकत नसल्यास, मंडळात परत येऊन लिहावा. मदत मागणाऱ्यानेही स्वयंसेवकाला ‘आजच्या आज हवे’ असे दटावू नये. ज्याचा धंदा त्या दुरुस्तीवाचून तासभरही थांबू शकत नाही, त्याने पैसे मोजून कारागीर बोलवावा. त्यासाठीच तर कारागीर आहेत.

नियंत्रकांची जबाबदारी यापेक्षा जड आहे. मजकूर पुसणे सोपे. पुसताना ‘काम मागण्याची जागा ती पलीकडे आहे’ असे दोन शब्दांत सांगणे त्यांना जड जाऊ नये. आणि जी कंपनी आपल्या पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांना तक्रारीसाठी फुकटच्या मंडळाकडे पाठवते, तिलाही त्याच कडकपणे अडवावे. वर्डप्रेसच्या मंडळात विकतच्या उत्पादनांची तक्रार घेतली जात नाही, विक्रेत्याकडेच पाठवले जाते. हा नियम इतरांनी उचलण्याजोगा आहे.

पण पलीकडची जागा म्हणजे कोणती? आज ती बहुधा दलालांच्या हाती आहे. फायव्हरसारखे मंच कारागिराच्या मिळकतीतून २० टक्के कापून घेतात. आडत्याच्या कापणीविरुद्ध लढलेल्या शेतकऱ्यांच्या प्रांतात याविषयी फारशी चर्चा नसावी, हे आश्चर्य आहे. मजूर सहकारी संस्था काढून सार्वजनिक बांधकामाची कामे घेण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. संगणक कारागिरांची तशी संस्था, तिच्या सभासदांची दरासहित जाहीर यादी, आणि त्या यादीत राहण्यासाठी वर म्हटलेल्या आचरणाची अट, ही गोष्ट एखाद्या जिल्ह्यात करून पाहण्यास मोठे भांडवल लागणार नाही.

अडलेल्याकडून पैसा घ्यावयाचा नाही, तरीही मदत करणाऱ्याला मोबदला मिळावा, असा तिसराही मार्ग आहे. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्यासाठी झुंबड उडाली, तेव्हा अर्ज भरून देणाऱ्या अंगणवाडी सेविका आदींना पात्र अर्जामागे ५० रुपये सरकारने द्यावयाचे, असे ठरले होते. अंमलबजावणी कशीही होवो, तत्त्व योग्य होते. जर्मनीच्या सरकारने २०२२ साली सार्वभौम तंत्रज्ञान निधी स्थापून मुक्त सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्यांना सरकारी पैसा देण्यास आरंभ केला. बंगळूरच्या झिरोधा कंपनीने २०२४ साली याच कारणासाठी वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. कंपन्यांच्या मर्जीवर विसंबणे शहाणपणाचे नाही; पण ज्यांची गंगाजळी या फुकटच्या श्रमातून भरली त्यांच्याकडून काही परत येऊ शकते, एवढे त्यावरून दिसते. महाराष्ट्र शासनाची किती संकेतस्थळे आणि कार्यालये मुक्त सॉफ्टवेअर वापरतात, आणि त्या प्रकल्पांना शासन काय देते, हा प्रश्न विधिमंडळात विचारता येण्यासारखा आहे.

तोवर तालुक्याच्या ठिकाणी कार्यकर्ते जी मदतकेंद्रे चालवतात, तेथे हा शिष्टाचार आजपासून पाळता येईल. ऑनलाइन अर्ज, उतारे, शिष्यवृत्तीची नोंदणी यांसाठी तेथे माणसे येतात, आणि मदतीला बसलेल्या तरुणांपैकी काहींचा तोच धंदाही असतो. केंद्रात कोणकोणते काम विनामूल्य होईल ते दारावर लिहून ठेवावे. त्या कामासाठी आलेल्या कोणाला ‘संध्याकाळी दुकानावर या’ असे सांगू नये. आणि त्याच पाटीच्या खाली, जी कामे केंद्रात होत नाहीत ती वाजवी दरात करून देणाऱ्यांची नावे, दर आणि पत्ते लिहावेत. त्यांत केंद्रात बसणाऱ्या तरुणाचे नाव असल्यास, तो केंद्राचा स्वयंसेवक आहे हेही तेथेच लिहावे.